मीटर तरी बघा

हे खरं आहे. हसायचं तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचून मग हसा.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. एप्रिल १९७३, दुष्काळाचं वर्ष, भर दुपारी एकची वेळ. पारनेर तालुक्यातली माळावरची एक वस्ती. गावाचं नाव सांगणार नाही, ज्या घराची ही गोष्ट, त्यांचे भाऊबंद अजून तिथं नांदतात.

मी लाईटचा मीटर रीडर होतो. सायकलवर चौदा गावं. आता या वयात काय लपवायचं... लांबच्या वस्त्यांवर मी जातच नव्हतो. फाट्यावर चहा प्यायचा, वही मांडीवर घ्यायची आणि दर महिन्याला दहा-दहा युनिट वाढवून लिहायचे. बसल्या जागी रीडिंग.

फेब्रुवारीत साहेब खवळले.

"सगळ्या घरांचे आकडे सारखेच कसे वाढतात रे?"

मग मी डझनभर घरांना मोठे आकडे ठोकले. त्या माळावरच्या सूर्यभानच्या घराला एकशे सत्याऐंशी. का? काही कारण नाही. हाताला आलं ते लिहिलं.

एप्रिलमध्ये कळलं, ते घर बंद आहे. वायरमननं पोलवरून वायर तोडली होती. मी शेवटचं रीडिंग लिहून मीटर उतरवून आणायचा, एवढंच काम होतं.

शेजारची दगडाबाई बांधावर उभी होती.

"तुमीच का लाईटवाले?"

"हो. घरचे कुठं गेले?"

"सूर्यभान जेलात. त्याची बायकू कडूबाई मसनात."

मी सायकल बांधाला टेकवली.

तिनंच सगळं सांगितलं. सूर्यभान दुष्काळी कामावर खडी फोडायचा, शनिवारी घरी यायचा. गावातल्या कुणीतरी बिल तिथंच नेऊन दिलं. छत्तीस रुपये! पंधरा दिवसांची मजुरी. त्याला वाचता येत नव्हतं. मुकादमानं वाचलं आणि वर दात काढले, "एवढी लाईट रातभर जाळल्याबिगर येत न्हाई. घरी कोन येतं रं, सूर्यभान?"

सगळे हसले म्हणे.

तो खडीचा हातोडा तसाच हातात घेऊन घरी आला.

"लई मारलं वो तिला," दगडाबाई म्हणाली. "आदी हात फोडले. मग डोकं. ती वरडत हुती, 'अवो, मीटर तरी बघा! मीटर तरी बघा!' पर कुनी बघितला न्हाई. आमी बी दार लावून बसलो."

ती डोळ्याला पदर लावून निघून गेली.

मी एकटा उरलो.

दाराला पोलिसांचं सील होतं. उंबऱ्यावर काळे डाग. ओट्याच्या भिंतीवर मीटर. मी काच पुसली आणि वाकून बघितलं...

एकतीस.

मीटर बसवून वर्ष झालं होतं, आणि वर्षभरात फक्त एकतीस युनिट. भाकरी थापण्यापुरता एक दिवा लावत होती बिचारी.

खरा आकडा लिहिला असता तर माझी नोकरी गेली असती. पण कडूबाई खरं बोलत होती, हे सूर्यभानला कळलं असतं. गावाला कळलं असतं. मला दोन्ही समजत होतं.

मी वहीत पुन्हा एकशे सत्याऐंशी लिहिलं.

पण मीटर ऑफिसात गेला की आकडा दिसणारच. म्हणून मी अंगणातला दगड उचलला. फोडायचा आणि पडून फुटला म्हणायचं.

हात वर केला...

मीटरची चकती फिरायला लागली.

वायर तोडलेली होती! मी वर बघितलं. पोलापासून घरापर्यंत काहीच नव्हतं.

आतून आवाज आला... धप्प.

सील तसंच होतं.

धप्प. धप्प. मग कुणीतरी तोंडात पदर कोंबल्यासारखं कण्हलं.

मी पळायला वळलो आणि उजव्या हातावर घाव बसला. दगड पडला. दुसरा घाव. बोटं मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. समोर कुणी नव्हतं. आई गं म्हणून ओरडलो, तेवढ्यात मानेला गच्च पकड बसली आणि माझं तोंड मीटरच्या काचेवर आदळलं. नाक फुटलं. पुन्हा आदळलं. कानाशी श्वास...

"बघा."

कपाळाचं रक्त डोळ्यांत आलं होतं, तरी बघितलं. एकतीस.

चकती थांबली. पकड सुटली.

शिडीवरून पडलो, असं मी ऑफिसात सांगितलं. नगरच्या डॉक्टरांनी हात बघितला आणि म्हणाले, "शिडीवरून पडून असं होत नाही. हा हातोड्याचा मार आहे."

आठ दिवसांनी वायरमन मीटर घेऊन आला. काच फुटलेली, आतल्या आकड्यांचा भुगा. मी दगड मारलाच नव्हता हो! आता खरा आकडा फक्त मला माहीत होता.

तरीही मी बोललो नाही. सूर्यभान जेलातच मेला, बायकोला शिव्या देत. हे माझं पाप आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

आज डाव्या हातानं लिहितोय. खरं रीडिंग एकतीस होतं. कडूबाई खरं बोलत होती.

वाटलं होतं, एवढं लिहिलं की सुटेन. पण एक वाजून गेलाय आणि भिंतीपलीकडं धप्प... धप्प... चालूच आहे.

त्या फेब्रुवारीत मी आणखी अकरा घरांना मोठे आकडे ठोकले होते. तिथं काय झालं, ते मी कधीच विचारायला गेलो नाही.