मधल्याची हाक

हे मी कुठे वाचलेलं नाही की कुणाच्या तोंडून उडत उडत ऐकलेलं नाही. माझ्या सख्ख्या आत्याबरोबर घडलंय. तेव्हा तिच्या शेजारी माझे बाबा बसले होते.

विश्वास ठेवायचा तर ठेवा. नाही ठेवलात तरी आत्याला फरक पडणार नाही. तिला हल्ली कशानेच फारसा फरक पडत नाही.

रविवारची संध्याकाळ होती. थंडीचे दिवस, अंधार लवकर पडत होता.

आजी जाऊन महिना उलटला होता. गल्लीतलं ते जुनं घर विकलं गेलं होतं आणि सोमवारी सकाळी किल्ल्या द्यायच्या होत्या. काही राहिलंय का ते बघायला भाऊ-बहीण दोघंच तिकडे गेले होते.

आत्या दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. डॉक्टरांच्या शेजारी उभं राहायचं आणि त्यांनी हात पुढे केला की हवं ते हत्यार हातात ठेवायचं. आजी गेली तेव्हा ती रडली नाही. सगळं उरकलं आणि सरळ कामावर गेली. नातेवाइकांनी कुजबूज केली, पोरगी दगड आहे म्हणून.

"दगड नाही गं," ती मला म्हणाली होती. "भुलीचं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो? बोट लावलं तर बोटाला कळतं, गालाला कळत नाही. तसं झालंय."

त्या रविवारी ती खरं तर सामानासाठी गेलीच नव्हती. रिकामं घर बघून तरी रडू येईल, या आशेने गेली होती.

आता त्या गल्लीबद्दल थोडं सांगायला हवं. नाहीतर पुढचं कळणार नाही.

गल्लीत पोरं उदंड. संध्याकाळी सगळी कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत. दिवेलागणीला प्रत्येक आई आपापल्या पोरांना बोलवायची, पण नाव घेऊन कुणीच ओरडायचं नाही. एवढ्या गलक्यात नावं ऐकू कुठली जायला! म्हणून प्रत्येक घराची वेगळी खूण होती. बेकरीवाली शिट्टी मारायची, तीही दोन बोटं तोंडात घालून. समोरची शिंपीण काकू ताट बडवायची. ढब्बू नावाचा एक मुलगा होता, तो कुठलीही खूण झाली तरी पळत जायचा. ज्या घरी खायला मिळेल ते घर आपलं!

आमची आजी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजावर पळी वाजवायची.

एकदा वाजली की बाबांना हाक. ते थोरले. दोनदा वाजली की मधल्याला. तीनदा वाजली की धाकटीला, म्हणजे आत्याला.

आणि एक नियम होता. हाक आली की जिथे असाल तिथून ओ द्यायची. "आलो!" एकदा ओ दिली की मग पाच मिनिटं नाही, एक डाव नाही, काही नाही. निघायचं. ओ देऊन न येणं हा त्या घरातला सगळ्यात मोठा गुन्हा होता. त्यासाठी पाठीत धपाटे बसायचे.

मधल्या काकाने एका संध्याकाळी ओ दिली.

"आलो!" म्हणून तो धावत सुटला. चपला हातात घेऊन, अनवाणी. तो नेहमी तसाच धावायचा. चपलांनी वेग कमी होतो म्हणे.

कोपऱ्यावर दुधाची गाडी वळत होती.

तो घरी पोहोचला नाही.

आजीने हाका मारणं थांबवलं नाही. थांबवेल असं सगळ्यांना वाटलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात दिवेलागणीला पळी वाजली. आधी एकदा. मग काहीच नाही... दोन ठोके बसतील एवढी जागा. मग तीनदा.

बाबा आणि आत्या मोठे होईपर्यंत ती जागा रोज तशीच रिकामी राहिली. त्या जागेत गल्लीतला गलकाही थांबायचा. मोठी माणसं बोलता बोलता गप्प व्हायची. आत्या म्हणते, तिला मधल्याचा चेहरा नीट आठवत नाही, पण ती शांतता पाठ आहे.

तर तो रविवार.

दोघं गल्लीत शिरले तेव्हा शिंपीण काकू दारातच बसली होती. आता थकलीय. डोळ्यांना कमी दिसतं, पण कान शाबूत.

"आलात का? बरं झालं," ती म्हणाली. "मी विचारणारच होते. संध्याकाळचं कोण येतं रे तुमच्याकडे?"

"कोणी नाही काकू," बाबा म्हणाले. "किल्ली माझ्याकडेच आहे."

"मग पळी कोण वाजवतं?"

बाबा हसले. म्हातारीला भास होतात असं त्यांना वाटलं असणार. आत्या हसली नाही. पण घाबरलीही नाही. "कितीदा वाजते?" एवढंच तिने विचारलं, दवाखान्यात पेशंटला कुठला दात दुखतोय विचारावं तसं.

काकूने दोन बोटं वर केली.

"एक नाही, तीन नाही. नुसती दोनदा. मला वाटलं तुमच्यापैकी कुणाच्या लेकरांचा खेळ चाललाय."

आत घरात काही म्हणजे काही नव्हतं. भांडी मागेच वाटून टाकली होती. पळी आमच्याकडे आली होती, आईच्या कपाटात होती. पाण्याचं कनेक्शन तोडलेलं. घर घेणाऱ्याला पाडायचं काम स्वयंपाकघरापासून आधीच सुरू करायचं होतं, म्हणून त्याने विचारून खिडकी काढून नेली होती. गजांसकट. त्या जागी प्लायवूडचा तुकडा ठोकलेला. गज भंगारवाल्याकडे गेले होते.

आत्या त्या प्लायवूडसमोर उभी राहिली.

तिने वाट पाहिली.

रडू आलं नाही. भिंतीवर आजीच्या खांद्याच्या उंचीला तेलकट डाग होता, कारण ती तिथे टेकून उभी राहायची. आत्याने त्यावर हात ठेवला. हाताला भिंत गार लागली, बस.

"चल चिमणे, बाहेर बसू जरा," बाबा म्हणाले. आत्याची पन्नाशी उलटली तरी त्यांच्यासाठी चिमणीच होती.

दोघं पुढच्या पायरीवर बसले. बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, रिकामं बसणं त्यांना जमत नाही. दाराची सैल झालेली कडी ते बोटाने हलवून बघत होते. कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत आता गाड्या लागतात. एकही पोर नव्हतं. कुणी कुणाला बोलावत नव्हतं.

दिवे लागले.

आणि मग...

टण्. टण्.

घराच्या आतून. मागच्या बाजूने.

लोखंडावर पळी. दुसरा कसलाच आवाज नाही तो. दोघांनी तो लहानपणभर ऐकला होता.

बाबांचा हात कडीवर तसाच राहिला. आत्या म्हणते, तिच्या मनात पहिला विचार काय आला सांगू? 'चुकली. आधी एकदा वाजवायला हवी होती.'

मग कोपऱ्याकडून...

पावलं.

अनवाणी. धावत. फट फट फट, फरशीवर. गल्लीत कोणी नव्हतं. दिव्याच्या उजेडात फरशी स्पष्ट दिसत होती आणि तिच्यावरून आवाज जवळ येत होता. समोर काकूने मान वळवली, डावीकडून उजवीकडे, कुणीतरी जाताना बघावं तशी. तिला तर नीट दिसतही नाही.

पावलं पायरीपाशी आली. आत्या आणि बाबा यांच्या मधून गेली. आत्याच्या गुडघ्याला वारा लागला. तिने साडी आवरली, लहान मुलाला जायला जागा द्यावी तशी.

मग आतून...

मोरीत पाणी पडल्याचा आवाज. बाहेरून आल्यावर आधी पाय धुवायचे, हा घरचा दुसरा नियम.

नळाला पाणी नव्हतं. मी वर सांगितलंय.

मग सगळं शांत.

"पोहोचला," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "चिमणे, पोहोचला गं तो."

आत्याला कळत होतं की आता आपल्यालाही काहीतरी वाटायला हवं. आनंद, भीती, काहीही. ती शोधत राहिली. सापडलं नाही.

आणि तेवढ्यात...

टण्.

एकदाच.

पुढचं सगळं एका क्षणात झालं. बाबा साठी ओलांडलेले, गुडघे दुखणारे, पण आवाज निघाला तो दहा वर्षांच्या मुलाचा.

"आलो!"

आत्याने त्यांच्या तोंडावर हात दाबला. उशीर झाला होता. ओ दिली गेली होती.

बाबा उठायला लागले. विचार करून नाही, पायच उठले. आत्याने त्यांचा शर्ट मागून धरला, दोन्ही हातांनी, आणि ओढत त्यांना पायऱ्यांवरून खाली आणलं. बटणं तुटली. "सोड ना," ते म्हणत होते, "मार बसेल." ती सोडत नव्हती. मागे दार उघडंच राहिलं. ते तिने बंद केलं नाही, मागे वळून बघितलंही नाही.

गल्लीच्या टोकाला आल्यावर बाबा भानावर आले. खिशात किल्ल्या चाचपल्या. म्हणाले, "मी काय बोललो मघाशी?"

"काही नाही," आत्या म्हणाली.

घरी आल्यावर बाबांनी आम्हाला एवढंच सांगितलं की शर्ट दाराच्या खिळ्यात अडकला. सोमवारी किल्ल्या दिल्या. नवीन मालकाने ते घर पाडलं. तिथे आता चार मजली इमारत आहे, लोक राहतात. त्यांना कसलाही त्रास नाही. मी मुद्दाम जाऊन विचारून आले.

आत्या मात्र त्या दिवसापासून रोज आमच्याकडे येऊ लागली. दवाखाना सुटला की थेट. दिवेलागणीला बाबांच्या शेजारी बसायची आणि टीव्ही मोठ्याने लावायची. आईला वाटायचं, एकटी पडलीय बिचारी. बाबा चिडवायचे, "माझ्यावर पहारा आहे की काय?"

पहाराच होता.

उन्हाळ्यात एकदा डॉक्टरांनी तिला उशिरापर्यंत थांबवून घेतलं. एक अवघड दात होता.

आई स्वयंपाकघरात होती. बाबा बाहेर पेपर वाचत होते. त्यांनी मोठ्याने म्हटलं, "आलो, आलो! निघालोच आहे ना!"

आईने आतून विचारलं, "कुणाशी बोलताय? मी नाही बोलावलं."

उत्तर आलं नाही.

आईने बोलावलेले डॉक्टर म्हणाले हृदय. असेल. त्या वयात होतं. पण ते खुर्चीत मागे रेललेले नव्हते. उठायच्या बेतात, पुढे झुकलेले होते, आणि चपला त्यांनी काढून हातात घेतल्या होत्या. बाबा कधीच तसं करत नसत. ती सवय मधल्याची होती. त्याने येऊन शिकवलं की काय, ते मला माहीत नाही. आत्याला मी तो प्रश्न विचारलेला नाही.

आत्याने मला हे सगळं त्यानंतर सांगितलं. एका दमात, सरळ आवाजात. पळीचं, पावलांचं, ओ दिल्याचं. मी रडत होते, ती नाही.

"तुला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

 मग पहिल्यांदाच तिचा चेहरा हलला. हनुवटी थरथरली आणि ती अशी रडायला लागली की मला तिला धरावं लागलं. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम आलं.

"मी सगळ्यात लहान गं," ती म्हणाली. "लहान पोराला आधी आत घेतात ना? दोघांना नेलं. मला एकटीला बाहेर ठेवलं. तीन ठोके मारायला आईला असा काय वेळ लागतो?"



आता दिवेलागणीला मी तिला फोन करते. रोज. काहीबाही बोलत राहते, अंधार पक्का होईपर्यंत. फोन ठेवताना एकच सांगते.

"आत्या, ऐकू आलं तरी ओ देऊ नकोस हं."

"नाही देणार," ती म्हणते.

माझं मन राखायला म्हणते. ते मला कळतं, आणि मला कळतं हे तिलाही ठाऊक आहे.