निनादचं माप

नाश्त्याच्या बशा उचलल्या, की खटावकरांच्या जेवणाच्या टेबलावर शर्टांचं राज्य सुरू होई. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर अच्युतरावांनी हा नाद लावून घेतला होता. पहिल्या शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. तोही त्यांनी हट्टाने वापरला. आता इचलकरंजीतले त्यांचे निम्मे मित्र त्यांनी शिवलेले चौकडीचे शर्ट घालून मिरवत होते.

आज मुलाचा शर्ट बेतायचा होता. निनाद पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कारखान्यात काचतंतू बनवत असे आणि दिवाळीला घरी यायचा होता. त्याच्या अंगातली मापबंडी, म्हणजे धाग्यांत संवेदक विणलेला बनियन, रोज सकाळी त्याची मापं भिंतीवरच्या पडद्यावर पाठवी. वजनहीन जागी कणा सैलावतो, माणूस दोन बोटं उंच होतो, दंड वाळतात. म्हणून परतणाऱ्याला आधी काही आठवडे कसून भारव्यायाम करावा लागे. जबर ताणाच्या पट्ट्या ओढून स्नायू पुन्हा भरून काढायचे.

अच्युतरावांनी खडू उचलला आणि ते थबकले. दिवाळी तोंडावर आली होती, तरी दंडाचं माप कमीच होत चाललं होतं. त्यांनी तडक मुलाला गाठलं.

"निन्या, व्यायाम सोडलास?"

पडद्यावर निनाद कानामागे खाजवू लागला. चोरी पकडली गेली की तो लहानपणापासून हेच करी.

"बाबा, सांगणारच होतो. मुक्काम वाढवलाय. तीन वर्षं. इथं फार बरं वाटतं मला. आईला कसं सांगू, कळेना."

"आई मागेच उभी आहे," शैलजाताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "जेवतोस ना नीट? मग राहा. आणि अहो, कापड भिजवलंत का? नाहीतर पहिल्याच धुण्यात आटायचं."

भिजवलं नव्हतंच. तिघंही हसले. अच्युतरावांना वाईट वाटलं, आणि पोरगं सुखात आहे म्हणून बरंही वाटलं.

"काम नसताना तुझे हात कुठे असतात रे?" त्यांनी विचारलं.

"पुढे तरंगतात. तयार शर्ट पाठीत ओढतात त्यामुळे. आणि खालचा घेर छातीपर्यंत वर येतो."

अच्युतरावांनी जुना कागदी नमुना बाजूला सारला. बाह्या जोडायचे मुंढे पुढे घेतले, पाठ रुंद केली, खाली नाडीला जागा ठेवली. संध्याकाळी कापड वाळल्यावर कात्री चालू लागली, तेव्हा ते शीळ घालत होते.

शैलजाताई आधीच्या एका शर्टाची काजं करायला बसल्या. "अहो, उद्या त्यानं तिथंच संसार मांडला तर? नातवंडांचे शर्ट शिवाल?"

"शिवीन की!"

पण कात्री थांबली. शर्ट खांद्यावरून लोंबतो, म्हणून बेताची पहिली रेघ खांद्याची. ज्या लेकरानं अंगावरून काही लोंबताना कधी पाहिलंच नाही, त्याच्या शर्टाची पहिली रेघ कुठे ओढायची?