शेवंतीमावशीचं मत

शेवंतीमावशीने मतदान केंद्रातल्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला आणि यंत्र म्हणालं, "ओळख पटली नाही."

अंतराळस्थानकावर पहिल्यांदाच मतदान होत होतं. मावशी तिथल्या रोपवाटिकेत भाज्या वाढवायची. बारा वर्षांत ती पृथ्वीवर गेली नव्हती. निवडणूक होती तिच्या खाडीकाठच्या नारळेवाडीची. तिथे आईबरोबर होडीत बसून मतदानाला कशी जायची, हे ती शेजारच्या ऊर्वीला कितीदा तरी सांगायची. "घर पडलं, आई गेली. पण मतदारयादीत नाव आहे तोवर मी गावचीच," असं म्हणायची.

आता ती ओळखपत्र धरून यंत्रासमोर तरंगत होती.

"अरे, ही मावशीच आहे!" दहा वर्षांची ऊर्वी मतदान अधिकाऱ्यावर चिडली. अधिकारी म्हणजे दक्ष नावाचा रोबो. "मी जन्मल्यापासून ओळखते हिला!"

"हो, तू ओळखतेस," दक्ष म्हणाला. "पण ज्यांना इथे कुणीच ओळखत नाही, त्यांनाही मत देता यायला हवं. आणि त्यांच्या नावावर भलत्यानेच मत देऊन जाता कामा नये. म्हणून पुरावा लागतो."

ऊर्वीचे आजोबा स्थानकावरचे डॉक्टर. त्यांनी ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, मग मावशीकडे पाहिलं.

"शेवंती, तुझा चेहरा सुजलाय गं! पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण रक्त आणि पाणी पायांकडे ओढतं. इथे स्थानकासकट आपण सतत पृथ्वीभोवती पडत असतो, त्यामुळे ती ओढ जाणवत नाही. पाणी डोक्याकडे चढतं. गाल फुगतात, पाय बारीक होतात. यंत्र डोळे, नाक, गाल यांच्यातली अंतरं मोजतं. ती बदलली."

"मग जे बदलत नाही ते मोजा ना!" ऊर्वी म्हणाली.

आजोबा हसले. "परितारिका, म्हणजे डोळ्यातला रंगीत पडदा. तिच्यातली तंतूंची नक्षी जन्माआधीच तयार होते. जुळ्या भावंडांचीही सारखी नसते. दक्ष, नियमात बसतं?"

"बसतं. ओळखपत्र काढताना डोळ्यांची नोंद झाली आहे."

मावशीने डोळा यंत्राला लावला. यंत्र पुन्हा नाहीच म्हणालं. मावशीचा चेहरा पडला.

"रडतेयस का?" आजोबांनी विचारलं. इथे अश्रू ओघळत नाहीत. डोळ्यावरच थेंब साचला होता आणि नक्षी झाकून गेली होती. ऊर्वीने रुमालाने तो हलकेच टिपला.

"शेवंती रामा तांडेल. ओळख पटली."

मावशी पडद्याआड गेली.

"तिने कुणाला मत दिलं ते तुला कळणार?" ऊर्वीने दक्षला विचारलं.

"नाही. नाव पडद्याच्या अलीकडेच राहतं. पलीकडे जातं ते फक्त मत."

मावशी बाहेर आली ती थेट खिडकीशी गेली. खाली किनाऱ्यावर ढग होते, नारळेवाडी दिसत नव्हती. तरी ती बघत राहिली. ऊर्वीही तिच्याजवळ जाऊन थांबली.

"मावशी, मी तर इथेच जन्मले. अठरा वर्षांची झाले की माझं नाव कुठल्या गावच्या यादीत येणार?"

मावशीने दक्षकडे पाहिलं. त्याने बराच वेळ शोधलं.

"असा नियम अजून कुणी केलेला नाही," तो म्हणाला.

"मग करायला लावू या गो," मावशीने ऊर्वीला जवळ ओढलं. "आठ वर्षं आहेत हाताशी. पण तोवर एकदा खाली जाऊन बघ हां. गाव म्हणजे काय, ते इथून नाही कळायचं."