विहिरीत राहिलेलं नाव

चंद्राचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, ते त्र्याहत्तर साल. भिवंडीपासून दोन कोसांवरच्या त्या पाड्यात भात कमरेएवढं उभं होतं आणि त्यावर कीड पडली होती. चंद्राचा भाऊ चिंधू बाजारातून औषधाचा डबा घेऊन आला. पाठीला पंप अडकवून त्यानं फवारणी केली आणि पंप विहिरीच्या काठावरच धुतला.

रिकामा डबा जाड पत्र्याचा होता. टाकवेना. चिंधूनं त्याचं तोंड कापलं, कडी बसवली आणि पाणी शेंदायला दोराला बांधला.

"वास येतोय रं," त्याची आई गुणाबाई म्हणाली.

"राखंनं तीनदा घासलाय, आये. तू दात तरी येवढं घासतंस का?"

गुणाबाई हसली. डबा विहिरीत जाऊ लागला.

आधी बेडूक ओरडायचे थांबले. मग मासे पोटं वर करून तरंगले. बांधावर दोन बगळे मरून पडले. तीन दिवस झाले तरी त्यांना मुंगी लागली नाही.

बाराव्या दिवशी चंद्रा विहीर पुजायला आली. त्या घरची रीत होती, की हळदकुंकू वाहून बाळंतिणीनं मुलाचं नाव विहिरीत हाकारायचं. विहिरीनं नाव परत दिलं, की मूल तरलं.

चंद्रा वाकली. "रघू!"

काही आलं नाही. हाक कापसात पडावी तशी आत गेली. तिनं पुन्हा हाकारलं. नाहीच.

"बारा दिसांची बाळंतीण, तिला दम कुठला?" म्हणत चिंधू वाकला आणि हसत हसत स्वतःचंच नाव ओरडला. तेही परत आलं नाही.

चंद्रानं भरलेली कळशी उचलली. गुणाबाईनं ती हिसकून ओतून दिली.

"आजपासून पानी नदीचं. लांब तर लांब."

शुक्रवारी भर दुपारी गुणाबाई तो डबा सोडून पुरायला गेली. चिंधू सकाळपासून शेतात होता, दुसऱ्या फवारणीला. ती दोराची गाठ सोडत होती.

खालून हाक आली.

"चिंधू!"

चिंधूचाच आवाज. त्यातलं हसूही तेच.

पाणी हललं नव्हतं.

ती शेताकडे धावत सुटली.

तो बांधावर पडला होता, पंप पाठीवर तसाच. मुंग्यांची रांग त्याला वळसा घालून चालली होती.

चंद्रा मुलाला घेऊन राहनाळला सासरी गेली. गावानं विहीर बुजवायचं ठरवलं. गुणाबाई आडवी पडली.

"माज्या नातवाचं नाव हाय आत!"

मग ती रोज काठावर जाऊन बसू लागली, पायात वहाणा घालून. हाक आली तर राहनाळपर्यंत धावता यावं म्हणून. तिकडे रघू चालू लागला, बोलू लागला, पाटीवर अक्षरं गिरवू लागला.

चिंधू वारला एकवीस सप्टेंबर एकोणीसशे त्र्याहत्तरला. गुणाबाई वारली एकोणऐंशीच्या माघात. तेव्हापासून विहिरीवर ऐकायला कोणी बसत नाही.