डावीकडून थोरला

प्लास्टरच्या जबड्यात अडकलेलं हसू.

एकच स्पीकर असलेलं दुकान.

"थोरल्याला थांबता येत असतं, तर त्याच्या तिन्ही बायका तरी थांबल्या असत्या!"

भिंतींना स्पंज लावलेली, बाहेरचं काहीही ऐकू न येणारी खोली.

छत्रीच्या पाण्याने भरलेला एक परका बूट.

यातला बूट तिचा, छत्री त्याची. आणि तिन्ही बायका सोडून गेल्या त्या थोरल्याच्या. सत्तरीला टेकलेल्या एका रॉक बँडच्या दोन गिटारवाल्यांपैकी हा एक, दुसरा धाकटा. भाऊबीऊ नव्हेत, ही नावं चाहत्यांनी ठेवलेली. आणि चाहत्यांना तोंडपाठ असलेला त्यांचा नियम असा, की रेकॉर्डवर थोरला डावीकडून ऐकू येतो, धाकटा उजवीकडून.

तरुणपणी दोघेही पिसाळल्यासारखे वाजवायचे. नव्या रेकॉर्डवर मात्र एकजण साफ बदलला होता. एक सूर छेडायचा आणि... थांबायचा. पुढचा सूर यायच्या आत ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा, इतका. दुसरा मात्र अजून वाघ मागे लागल्यासारखा धावत होता.

बदलला कोण? भांडण एवढंच.

सुरू झालं ते असं. ती रेकॉर्डच्या दुकानातल्या काकांना म्हणाली, "थोरला काय पिकलाय हो काका!" तेवढ्यात मागून एक ओली छत्री म्हणाली,

"पिकलाय तो धाकटा. थोरला अजून कच्चाच आहे."

छत्री मिटली आणि तिच्यातलं सगळं पाणी हिच्या बुटात.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर सांगावं लागलं."

तेव्हापासून प्रत्येक रविवार असाच. ती दाताच्या डॉक्टरांसाठी प्लास्टरच्या जबड्यांवर कवळ्या बनवायची. तो पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात लोकांचे कान तपासायचा. दोघांनाही भांडायला एवढं भांडवल पुरेसं होतं.

"जगाचे कान तपासता, स्वतःचे कधी दाखवणार?"

"तुम्ही जगाच्या तोंडात दात घालता, स्वतःच्या तोंडाला कुलूप कधी घालणार, कवळीबाई?"

"भांडा," काका म्हणायचे, "पण रेकॉर्डवर बोटं उमटवू नका."

दुकानात स्पीकर एकच, त्यामुळे डावं-उजवं तिथे कळायचं नाही. नव्या रेकॉर्डनंतर दोघे म्हातारे मंचावरही आले नव्हते, की बघून सोक्षमोक्ष लागावा. उरलं काय, तर "घरी जाऊन नीट ऐका!" आणि "तुम्हीच ऐका!"

वैताग नुसता. आणि सगळ्यात मोठा वैताग हा, की तो सूर आला आणि थांबला की त्याचे डोळे मिटायचे. नेमके तिचेही. एकदा दोघांनी ते एकदमच उघडले... समोरासमोर. तिने घाईघाईने छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"थोरला," ती पंख्याला म्हणाली.

"धाकटा," तो हळूच म्हणाला – आणि तिला तो पंखा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

"अगं, त्या दोन म्हाताऱ्यांचं काय घेऊन बसलीस?" ताई घरी म्हणाली. "तिसरा आवडतो का, ते बोल."

"तिसरा कोण?"

"छत्रीवाला."

"शी! काडीची अक्कल नाही त्याला."

"अक्कल मी विचारलीच नाही."

मग एका रविवारी काका बोलून गेले: कानवाल्यांना दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात बोलावलंय. ह्या माणसाने थोरल्याची बोटं, बायका, गुडघेदुखी सगळं काढलं होतं. हे मात्र सांगितलं नव्हतं!

"जाताय म्हणे?" तिने विचारलं.

"विचार चाललाय," तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघत राहिला. बघतच राहिला.

'जाऊ नका.' दोन शब्द. जिभेच्या टोकावर आलेले.

"मग जायच्या आधी थोरल्याची माफी मागून जा," ती म्हणाली, आणि मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

"उद्या दुपारी दवाखान्यात या. तुमचे कान चांगले निघाले, तर मागतो."

स्पंजच्या खोलीत त्याने तिला हेडफोन घातला. बट तारेत अडकली होती; ती त्याने सोडवली, जरा जास्तच वेळ लावून. मग तिच्यासमोर एक माइक ठेवून तो बाहेर जाऊन काचेपलीकडे बसला. डावीकडे आवाज आला तर डावा हात वर, उजवीकडे आला तर उजवा. ती चौकातल्या हवालदारासारखी हात करत राहिली.

"कान उत्तम आहेत." माइकमधून त्याचा आवाज थेट तिच्या कानात आला.

"मागा माफी!"

"आधी हे ऐका."

रेकॉर्ड सुरू झाली. धावणारी गिटार. आणि मग तो सूर – एकच – आणि थांबा...

उजवीकडून.

"हेडफोन उलटा घातलाय तुम्ही!"

"आत्ताच तर हात वर करून सुलटा असल्याचं तुम्हीच सांगितलंत."

तिला घर बदललं तो दिवस आठवला. कपाटामागे खांद्यापर्यंत घातलेला हात, टॉर्च धरून जांभया देणारी ताई, अंदाजाने जोडलेल्या तारा. त्यानंतर घरी वाजली ती ही एकच रेकॉर्ड.

"माझे स्पीकर..." ती हेडफोन चाचपत म्हणाली. "उलटे लागलेत."

तो हसला. जिंकल्यासारखा हसला असता तर बरं होतं. हा तर नुसता मायेने हसला. तिचं डोकं आणखीच फिरलं. आणि मग लक्षात आलं. म्हणजे इतके दिवस दोघांना एकच सूर आवडत होता. भांडण संपलं. आता रविवारी दुकानात यायला कारण काय? आणि येणार तरी कोण – हा तर चाललाच.

ती हेडफोन काढायला लागली.

"काढू नका. एक चाचणी राहिलीय. मी शब्द म्हणेन, तो तुम्ही परत म्हणायचा. आवाज कमी कमी होत जाईल."

"म्हणा," ती वैतागून म्हणाली.

"पान."

"पान."

"खिडकी."

"खिडकी."

"धाकटा."

"...धाकटा," ती दातओठ खात म्हणाली.

त्याने हातातला कागद उपडा ठेवला. आवाज आणखी खाली गेला.

"कवळीबाई."

"हा शब्द यादीत आहे?"

"नाही. म्हणा."

"कवळीबाई!"

आता तो काचेपलीकडे इतका हळू बोलला, की जणू शेजारच्या घरात कुणी कुजबुजतंय.

"आवडता."

तिने ओठ घट्ट मिटले. तो वाट बघत राहिला. त्याचे कानसुद्धा लाल झाले होते.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. हात आवाज वाढवायच्या बटणाकडे गेला...

"खोटं बोलले. आलं. तुम्हीही मला... तेच. आता माझी पाळी. राहा."

"राहा," तो आज्ञाधारकपणे म्हणाला.

"अहो, परत म्हणायला नाही सांगितलं! राहा म्हणजे इथे राहा! किती डोकं उठवाल माणसाचं?"

ती ताडकन उठली. हेडफोनच्या तारेने तिला मागे ओढलं, ती पुन्हा खुर्चीत बसली, आणि तो दार उघडून आत आला.

"राहतो," तो म्हणाला. माइकशिवाय.

मोठ्या दवाखान्याला त्याने नकार कळवला होता, तो तिने "जाताय म्हणे?" विचारलं त्या रविवारच्याही आधीच्या सोमवारी.