शांत मुलांचं हॉटेल

कुठल्याही हॉटेलच्या खोलीत गेले की मी आधी गुडघ्यांवर बसते. लहान मुलाला खोली कशी दिसते ते उभ्याने कळत नाही. टेबलाचे टोकदार कोपरे, भिंतीतला उघडा प्लग, पलंगाखालची धूळ, न्हाणीघराचा उंबरा. मुलांना घेऊन तोक्योला येणाऱ्या आईबापांसाठी आमचं मासिक निघतं आणि त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. बाळाला पेज मिळेल का, पलंग भिंतीला लावून देतील का, आणि मूल रडलं तर शेजारच्या खोलीतले काय म्हणतील.

हा शेवटचा प्रश्न माझाही होता. माझी मुलगी कोतोहा तेव्हा सहा वर्षांची होती. ती चालत नसे, धावत असे. बोलत नसे, ओरडत असे. तोक्योतच कामेइदोला आमच्या घराच्या बरोबर खाली किनुगासा आजी एकट्या राहायच्या. अधूनमधून मी मिठाईचा खोका घेऊन त्यांच्या दारात जायची, कमरेत वाकून माफी मागायची. त्या खोका घ्यायच्या, "मुलं म्हटली की चालायचंच," म्हणायच्या, आणि दार जरा जोरात लावायच्या.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या अंकासाठी शांत वस्तीतली हॉटेलं निवडायची होती. मला आधी झोशिगाया आठवलं. तिथून अजून ट्राम जाते. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर केयाकीची जुनी झाडं आहेत, आणि मुलंबाळं सुखरूप राहावीत म्हणून त्या देवळात लोक नवस बोलतात. मागे मोठी दफनभूमी, त्यामुळे गाड्यांची वर्दळ नाही. त्याच बाजूच्या एका गल्लीत हिसागोकान नावाचं लहानसं हॉटेल होतं. त्याच्याविषयी आमच्याकडे कुणीच लिहिलेलं नव्हतं. मी शनिवारची खोली घेतली आणि नवऱ्याला, योशितोला, म्हटलं, "चल, फुकटात सुटी." तो दातांच्या कवळ्या बनवतो. शनिवारी मोकळा असतो.

दारात पाय टाकताच कोतोहाने आरोळी ठोकली. "ओऽऽऽ!" नवी जागा दिसली की ती हे करायचीच. तिचं तोंड पूर्ण उघडलेलं होतं, मानेच्या शिरा ताणलेल्या होत्या. माझ्यापर्यंत जे पोचलं ते मात्र दोन घरं पलीकडून कुणी हाक मारावी तितकंच होतं.

ती गोंधळून पायांकडे बघायला लागली. "आई, इथे माझा आवाज खाली पडतो."

"मग उचल की," योशितो म्हणाला. "खिशात घाल. आणि घरी गेल्यावर बाहेर काढू नकोस म्हणजे झालं."

मालकीण उगाकीबाई पन्नाशीच्या होत्या. करडा एप्रन, केस मागे घट्ट बांधलेले. त्यांनी आमचं सामान घेतलं आणि कोतोहासमोर उकिडव्या बसल्या.

"ही झोपेत बोलते का?" त्यांनी मला विचारलं.

"बोलते? भांडते," योशितो म्हणाला.

"आणि हसते कशी?"

कोतोहाने लगेच खदखदून हसून दाखवलं. शिंपी माप घेताना हलवतो तशी उगाकीबाईंनी मान हलवली.

खोलीत मी गुडघ्यांवर बसले. कोपरे गोल केलेले, प्लग झाकलेले, पलंगाखाली बोट फिरवलं तर बोट स्वच्छ. नाव ठेवायला जागाच नव्हती. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. तळमजल्यावर मुलांना खेळायची खोली होती, जाड चटया अंथरलेली. सवयीने मी विचारलं, "याच्या खाली काय आहे? तळघर?"

"काही नाही," उगाकीबाई म्हणाल्या. "खाली जमीनच."

दुपारी त्या आपणहून म्हणाल्या, "तुम्ही दोघं फिरून या. हिला मी बघते." आम्ही ट्रामच्या रुळांकडेने चालत गेलो, एका दुकानात शांतपणे कॉफी प्यायलो. कितीतरी महिन्यांनी योशितोने मला पूर्ण वाक्य बोलू दिलं. एरवी मध्ये कोतोहा असायची. परतलो तेव्हा उजेड उतरत आला होता. खेळायच्या खोलीत कोतोहा आणि आणखी चार-पाच मुलं कागदाच्या घड्या घालत बसली होती. सगळ्यांच्या पाठी ताठ होत्या. आमची चाहूल लागताच ती उठली आणि आमचे बूट उचलून भिंतीशी नीट लावले.

जेवणात भाजलेला बांगडा होता. कोतोहा माशाची कातडी कधी तोंडाला लावत नसे. त्या दिवशी तिने हात जोडले आणि कातडीसकट सगळा मासा संपवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुम्ही पण घ्या ना."

योशितोचा घास हातातच राहिला. मग तो हसायला लागला. "तुम्ही! ऐकलंस? तुला बढती मिळाली. मला काय म्हणणार गं, साहेब?"

कोतोहा हसली. ओठ मिटून.

सकाळी नाश्त्याला शेजारच्या टेबलावर एक कुटुंब होतं. दोन मुलगे वडिलांच्या पेल्यात चहा ओतत होते. एक थेंब सांडला नाही. "आमचं तिसरं वर्ष," ते गृहस्थ मला म्हणाले. "थोरला पहिल्याच खेपेला सुधारला. धाकट्याला दोनदा आणावं लागलं. काय गं?"

बायकोने नुसती मान हलवली. तिने टेबलाखाली सपाता काढून ठेवल्या होत्या. थंडी असूनही तिचे अनवाणी तळवे फरशीवर घट्ट टेकलेले होते, आणि ती जेवत नव्हती.

घरी आल्यावर पहिले काही दिवस मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. कोतोहा हाक मारायच्या आत उठायची. अंथरुणात रात्री जशी निजली असेल तशीच सकाळी सापडायची, उशीवर एक सुरकुती नाही. शाळेतल्या बाईंनी मुद्दाम फोन करून कौतुक केलं. योशितो उठताबसता म्हणायचा, "त्या हॉटेलला पाचच्या जागी सहा तारे दे."

मग एके दिवशी किनुगासा आजी स्वतः वर आल्या. हातात संत्र्यांची पिशवी.

"पोर आजारी आहे का हो?"

"नाही आजी, मजेत आहे. का?"

"काही नाही." त्या आत डोकावल्या. कोतोहाने उठून त्यांना वाकून नमस्कार केला. आजी दोन पावलं मागे सरल्या. "मला आपलं वाटलं... एकटीचं घर हो माझं. ती वर धावली की मला कळायचं, पाच वाजले, शाळा सुटली. आता दिवसभर कळतच नाही काही." संत्री माझ्या हातात कोंबून त्या निघून गेल्या. खालून त्यांचं दार लावल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही. जिन्यावर उभ्या राहून ऐकत होत्या.

त्या संध्याकाळी कोतोहाला अंघोळ घालताना मी तिचं गाणं सुरू केलं. बूट हरवलेल्या खेकड्याचं गाणं. तिने स्वतःच रचलेलं, त्याला ना सूर ना अर्थ. रोज अंघोळीला ती ते बेंबीच्या देठापासून म्हणायची.

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "छान आहे हो. कुणी शिकवलं तुम्हाला?"

मी योशितोला सांगितलं. तो वैतागला. "तुला हवंय तरी काय? ओरडायची तेव्हा रडत होतीस. आता गप्प आहे तरी रडतेस."

"ती आपली कोतोहा नाही."

"मग कुणाची? नाक माझं, हट्ट तुझा..."

"हट्ट कुठे राहिलाय?"



दुसऱ्या दिवशी तिला शाळेत न पाठवता मी झोशिगायाला घेऊन गेले. ट्राममध्ये ती हात मांडीवर ठेवून बसली होती. समोरची बाई म्हणाली, "किती गुणी मुलगी." मी मान हलवली.

भर दुपार होती. जुने पाहुणे गेलेले, नवे यायचे होते. उगाकीबाई दिसल्या नाहीत. मी खेळायच्या खोलीत गेले, एका कोपऱ्यातली चटई बाजूला सारली आणि बूट-मोजे काढून खालच्या लाकडावर उभी राहिले. नाश्त्याच्या टेबलावरची ती बाई माझ्या डोक्यातून जात नव्हती.

आधी काही नाही. लाकूड गार होतं.

मग तळव्यांना बारीक थरथर लागली. ट्राम जात असेल म्हणून मी थांबले. ट्राम गेली. थरथर राहिली.

ती पावलं होती. लहान, अनवाणी, पुष्कळ. इकडून तिकडे धावणारी, उड्या मारणारी, पडून पुन्हा उठणारी. कानांना काहीच नाही. जे होतं ते सगळं तळव्यांना.

त्यांतली एक जोडी मी ओळखली. कशी, ते मला सांगता येणार नाही. सहा वर्षं ज्या पायांना "हळू, हळू" म्हणत आले ते पाय होते.

मी पाय आपटले. "कोतोहा!" माझा आवाज ओठांतून निघाला आणि खाली पडला. मला तो पडताना जाणवला.

धाव थांबली. मग सरळ माझ्या दिशेने आली. अगदी माझ्या खाली येऊन ती दोन्ही पायांनी उड्या मारायला लागली. मी गुडघ्यांवर बसले, हात टेकले, गाल टेकला.

माझ्याबरोबर आलेली कोतोहा शेजारी बसली. तिनेही तळहात लाकडावर ठेवला.

"कुणीतरी धावतंय," ती हळूच म्हणाली. "आई, त्यांना सांगा ना. शेजाऱ्यांना त्रास होतो."

"असं कुणी ना कुणी करतंच," मागून उगाकीबाई म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या. रागावलेल्या नव्हत्या.

"खाली काय आहे?"

"सांगितलं होतं मी. जमीन."

"खणून दाखवा."

"खणलं होतं. एका मुलाच्या वडिलांनी, बागेच्या बाजूने. मातीच निघाली. मग मुळं, मग पाणी. पाण्यापाशी थांबले ते."

"मला माझी मुलगी परत द्या."

उगाकीबाईंनी माझ्या शेजारच्या मुलीकडे पाहिलं.

"देता आली असती तर," त्या म्हणाल्या, "हिला कुठे ठेवणार होतात?"

कोतोहाने माझं बोट धरलं. ओठ मिटलेलेच होते, पण हनुवटी थरथरत होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती मला घाबरलेली दिसली. मी तिला उचलून घेतलं. वजन होतं तेवढंच होतं.

अंकात मी हिसागोकानचं नाव घातलं नाही. संपादकांनी विचारलं तेव्हा म्हटलं, लहान मुलांसाठी बरोबर नाही. ते हॉटेल आजही आहे आणि म्हणे खोली मिळत नाही.

याला आता दोन वर्षं झाली. योशितोशी या विषयावर मी बोलत नाही. एकदाच तो माझ्याबरोबर तिथे आला, अनवाणी उभा राहिला, आणि बाहेर येऊन गल्लीत भिंतीला टेकून बसला. त्यानंतर त्याने कोतोहाच्या शांतपणावर पुन्हा विनोद केला नाही. तिच्यावर तो माया करतो. मीही करते. तिला आता स्वतःची वेणी घालायला येते, आणि आजारी पडले तर ती माझ्या उशाशी बसून राहते. तिची काही चूक नाही.

महिन्यातून एकदा मी दुपारची तिथे जाते. उगाकीबाई चहा देतात, चटई सरकवून ठेवतात. कधी दुसरी एखादी आई आधीच उभी असते. आम्ही एकमेकींशी बोलत नाही, नुसती जागा करून देतो. मी पाय आपटते आणि ती येते. पूर्वी लगेच यायची. आता जरा वेळ लागतो. पावलंही पहिल्यासारखी हलकी नाहीत, ढांगा लांब झाल्या आहेत. ती तिथे वाढते आहे.

गेल्या खेपेला ती आली, माझ्या खाली दोन उड्या मारल्या आणि थबकली.

लांबून आणखी एक पाऊल येत होतं. अनवाणी, संथ, जड. ते मुलाचं पाऊल नव्हतं.

ते जवळ आलं आणि माझी पोर धावली. त्याच्यापासून लांब नव्हे. त्याच्याकडे. शाळा सुटल्यावर फाटकाशी आई दिसली की मुलं धावतात, तशी.

मी हलले नाही. जरा वेळाने ते जड पाऊल एकटंच पुढे आलं, सावकाश, आणि नेमकं माझ्या तळव्यांखाली येऊन टेकलं. पुष्कळ वेळ आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.