सगळ्यांना अडवणारा नियम

एकाच घरात, एकाच वायफायवर आईचा फोन व्यवस्थित चालत होता आणि आतल्या खोलीतला संगणक मात्र साऱ्या जगापासून तुटला होता. असं कसं होईल? हे कोडं मुक्ताला सकाळपासून छळत होतं. ते सुटलं नाही, तर बाबा जिवंत आहेत की नाहीत हे आज कळणार नव्हतं.

साल होतं २०६८. मे महिना. सोलापुरात धुळीचं वादळ सुरू होतं आणि आठव्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर मातकट अंधाराशिवाय काही दिसत नव्हतं. मुक्ताचे बाबा हिमशास्त्रज्ञ होते. ते अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या 'हिमानी' केंद्रावर बर्फाचा अभ्यास करत. काल बातमी आली, की केंद्राजवळचा बर्फ दुभंगला आणि एक तुकडी खाली गेली. नावं कोणीच सांगितली नव्हती. फक्त एक निरोप आला होता: दिवेलागणीला प्रत्येक घराशी थोडा वेळ बोलता येईल, पण केंद्राकडे नोंदवलेल्या संगणकावरूनच. कारण यंत्राने माणसाचा आवाज हुबेहूब काढून लोकांना फसवण्याचे प्रकार फार वाढले होते. म्हणून केंद्र दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर विश्वास ठेवत नसे.

आणि नेमका तोच संगणक रुसला होता. दुरुस्तीवाल्यांना फोन केला, तर वादळ थांबल्याशिवाय कोणी येणार नव्हतं.

आईने संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा केला. मग ती तशीच खुर्चीत बसून राहिली. कालपासून ती जेवली नव्हती.

"काय झालंय?" दारातून आवाज आला. आईचे वडील, म्हणजे आजोबा, भिंतीला हात लावून उभे होते.

भालचंद्र धामणकरांनी उभं आयुष्य इस्पितळांच्या संगणकांची राखण करण्यात घालवलं होतं. पण दोन वर्षांपासून त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. कधी डोकं लख्ख चाले, तर कधी समोरच्या माणसाचं नावही आठवत नसे.

"काही नाही, अण्णा. तुम्ही पडा जरा," आई म्हणाली.

पण मुक्ताने त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर आणून बसवलं. आज त्यांचे डोळे जागे दिसत होते. तिने सगळं सांगितलं. आजोबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"घाबरलं की माणूस सगळीकडे एकदम हात घालतो," ते म्हणाले. "तसं करायचं नाही. एकेक शंका घ्यायची आणि ती खोडून काढायची. आईच्या फोनवर इंटरनेट आहे?"

"आहे."

"म्हणजे घरापर्यंतची वाट शाबूत आहे. आता या संगणकावरून बाहेरच्या खोलीतल्या प्रिंटरला एक पान छापायला सांग."

मुक्ताने सांगितलं. बाहेर प्रिंटर घरघरला.

"म्हणजे घरातल्या घरात हा बोलतोय," मुक्ता सावकाश म्हणाली. "उंबऱ्याबाहेर तेवढं जाता येत नाही."

"बरोबर. आता तिसरी शंका. केंद्राचं नाव आपण शब्दांत लिहितो, पण संगणकांना शब्द कळत नाहीत. प्रत्येकाचा पत्ता आकड्यांत असतो. म्हणून आपला संगणक आधी नामसेवेला (नाव सांगितलं की आकड्यांचा पत्ता कळवणाऱ्या दूरच्या संगणकाला) विचारतो. तिथेच काही अडलं असेल, तर नावाने हाक जाणार नाही, पण आकड्याने जाईल. बघ."

निरोपात केंद्राचा आकडाही होता. मुक्ताने तो टाकून पाहिला. काहीच नाही.

"नावानेही नाही आणि आकड्यानेही नाही," आजोबा म्हणाले. "मग वाटेवर कोणीतरी उभं आहे. या संगणकावर फायरवॉल आहे ना?"

फायरवॉल (संगणकातून बाहेर जाणारी आणि आत येणारी प्रत्येक गोष्ट तपासणारा पहारेकरी) होती. आई ताडकन उठली. "मग तीच बंद करून टाक, मुक्ता! कशाला हवी ती?"

"अजिबात नाही!" आजोबांचा आवाज चढला. "पहारेकरी अडवतोय म्हणून त्याला हाकलून देतेस? आज, सगळ्यांना ठाऊक असताना, की हिमानीच्या लोकांची घरं बातमीसाठी तडफडताहेत? चोर याच दिवसाची वाट बघतात, नीलू. पहारेकऱ्याला काय हुकूम दिलाय, ते आधी बघायचं."

आई खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

मुक्ताने फायरवॉलचं पान उघडलं. आजोबांच्या सांगण्यावरून तिने केंद्राला पुन्हा एक हाक पाठवली, आणि त्याच क्षणी पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'बाहेर जाणारी हाक अडवली. नियम पहिला.'

"सापडला!" मुक्ता ओरडली.

"आता ऐक. पहारेकरी हुशार नसतो. तो नियम वरून खाली वाचत जातो. जो नियम आधी लागू पडेल तो पाळतो आणि तिथेच थांबतो. खालचं वाचतच नाही. पहिला नियम काय म्हणतो?"

मुक्ताने वाचलं. 'घराबाहेरच्या कोणाशीही बोलू देऊ नये.' त्याच्या खाली दुसरा नियम होता: 'हिमानी केंद्राशी बोलू द्यावं.'

"दुसऱ्या नियमापर्यंत हा कधी पोचतच नाही!" ती म्हणाली.

"अगदी बरोबर. कुठल्या शहाण्याने हा नियम सगळ्यांत वर टाकला?"

नियमाशेजारी नाव होतं. मुक्ताने चटकन तो कोपरा हाताने झाकला. पण आजोबांची नजर पोचली होती. भालचंद्र धामणकर. ते आपल्याच नावाकडे बघत राहिले.

"मीच का?" त्यांनी विचारलं. "मला काहीच आठवत नाही गं."

मुक्ताला मात्र आठवलं. मागच्या आठवड्यात दुपारी याच संगणकावर बाबांचा आवाज आला होता. घराच्या कुलपाचा परवलीचा शब्द मागत होता. आवाज अगदी बाबांचाच. पण तो आजोबांना 'सर' म्हणाला, आणि बाबा त्यांना जन्मात कधी 'सर' म्हणाले नव्हते. आजोबांनी संपर्क तोडला आणि अंधार पडेपर्यंत ते संगणकासमोर बसून होते. तेव्हाच त्यांनी सगळी दारं लावून घेतली असणार. त्यानंतर आजपर्यंत तो संगणक कोणी वापरलाच नव्हता.

"तुम्ही आम्हाला वाचवायला केलंत," मुक्ता म्हणाली. तिने ती दुपार सांगितली, तशी खिडकीपाशी उभी असलेली आई मागे वळली.

"नियम चूक नाही," आजोबा हळूच म्हणाले. "जागा चूक आहे. ज्यांना जाऊ द्यायचं ते वर हवेत. आणि 'बाकी कोणालाही नाही' हे सगळ्यांत शेवटी. तो उचलून..."

ते थांबले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग मुक्ताकडे. डोळ्यांतली जाग विझत चालली होती.

"नीलू, तुझी शाळा सुटली का?" त्यांनी मुक्ताला विचारलं.

 आईने येऊन आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर उरलासुरला उजेडही मावळत होता. आता सांगणारं कोणी नव्हतं.

तिने 'कोणालाही नाही' हा नियम उचलून तळाशी नेला आणि केंद्राला नावाने हाक मारली. लाल अक्षरं. 'अडवली. शेवटचा नियम.'

"आता काय?" आई कुजबुजली. "बंद करूया का गं ती फायरवॉल?"

मुक्ताचाही हात त्या बटणाकडे गेला. पण तिने तो मागे घेतला. एकेक शंका. तिने आकडा टाकून पाहिला. हिरवं! आकड्याने हाक जात होती, नावाने नाही; आणि बोलणं तर नावानेच जोडलं जाणार होतं. मग अडकलं होतं कोण?

"आई, केंद्राला परवानगी आहे. पण केंद्राचा पत्ता ज्याला विचारायचा, त्या नामसेवेला कोणी परवानगीच दिलेली नाही! आपण पत्ता विचारायला जातो आणि पहारेकरी तिथेच अडवतो."

तिने नामसेवेपुरता एक नवा नियम केला आणि तो वर ठेवला. तेवढाच. बाकी दारं लावलेलीच राहू दिली. पुन्हा नावाने हाक मारली.

हिरवी अक्षरं आली: 'हिमानी केंद्र. जोडले आहे. प्रतीक्षा करा.'

आता बाहेरून येणारं उत्तर पहारेकरी अडवेल, अशी भीती आईला वाटली. पण या घरातून कोणाला हाक गेली ते तो लक्षात ठेवतो आणि त्याचंच उत्तर आत सोडतो. केंद्राचं उत्तर आत आलं.

पडद्यावर एक चेहरा उमटला. गालावर काळे चट्टे, डाव्या हाताला जाड पट्ट्या. ते बाबा होते.



"मी आहे," बाबा म्हणाले. "दोन बोटं गेली बर्फात. बाकी मी ठीक आहे." मग त्यांचा आवाज कापला. "आमच्या तुकडीतले थोरात सापडले नाहीत, नीलिमा. माझ्या मागेच होते ते. यंत्रं शोध घेताहेत. अजून आशा सोडलेली नाही आम्ही." इथे हिवाळ्याचा अंधार सुरू झालाय, सूर्य उगवला की पहिल्या जहाजाने येईन, असंही त्यांनी सांगितलं. मग वेळ संपली.

मायलेकी एकमेकींना धरून रडल्या. बाबांसाठी रडल्या, आणि ज्यांच्या घरात आज चेहरा उमटला नसेल त्यांच्यासाठीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धूळ तशीच होती. आजोबांना संध्याकाळचं काही आठवत नव्हतं. मुक्ता त्यांच्याजवळ चहा घेऊन बसली आणि तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं: पहारेकरी, वरून खाली वाचले जाणारे नियम, नामसेवा. आजोबा शाळकरी मुलासारखे मन लावून ऐकत होते.

"छान समजावतेस," ते म्हणाले. "कोणी शिकवलं?"

"तुम्ही, आजोबा."

त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग कपाळाला आठी घालून विचारलं, "पण समज, परवानगी असलेल्या दारातूनच कोणी खोटा आवाज पाठवला तर? तुझा पहारेकरी कोण आणि कुठून एवढंच बघतो. खरं काय, ते त्याला कसं कळणार?"

"कळणार नाही," मुक्ता म्हणाली. "असा पहारेकरी अजून कोणी बनवलेला नाही ना?"

"नसेल," आजोबा म्हणाले. "कसा बनवायचा, सांग बघू?"

मुक्ताने खुर्ची आणखी जवळ ओढली आणि विचार करायला लागली.